ताशी साडेसहा

ताम्पेरेच्या इस्पितळाखालच्या या खोलीला खिडकी नाही.
मी त्यांच्या गुडघ्यांवर, बुटांच्या टाचांवर
चकाकणारे मणी चिकटवते.
खुब्यापाशी आले की आधी विचारते,
हात गार आहे माझा, चालेल?
चालेल, म्हणतात.
चालण्यासाठीच तर आलेले असतात.

कुणाचं हाड कापून आत दांडा ठोकलाय,
दांड्यावर गोळा, लिंबाएवढा.
कुणाचं हाड शाबूत, नुसतं तासून
वर धातूची टोपी.
कोण दांड्याचा, कोण टोपीचा, मला सांगत नाहीत.
मी फक्त पट्टा सुरू करते. चार. साडेचार. पाच.

सावकाश चालताना सगळेच बरे असतात.
वेग वाढला की पाय चहाड्या करू लागतात:
एक टाच ठणकावून टेकते,
दुसरी उशिरा घरी आल्यासारखी, चोरपावलांनी.
पडद्यावर दोन डोंगर उमटतात, उजवा आणि डावा,
आणि डाव्याचं शिखर बसकं.

आहती, टपाल वाटून निवृत्त झालेला,
साडेसहालाही शीळ घालत होता.
चाळीस हिवाळे बर्फावर काढले, म्हणाला,
पडलो तो स्वतःच्या जिन्यात.

ओइली मात्र चारच्या पुढे जाईना.
पाचवर नेलं तर कठडा धरला.
दुखतं?
नाही.
दम लागतो?
नाही.
मग भिंतीकडे बघत म्हणाली,
टाउनोचा पाय कागदाच्या गिरणीत गेला होता.
एकतीस वर्षं त्याच्या शेजारून चालले.
आपण मागे पडतोय असं त्याला वाटू नये, म्हणून.
आता पायाला दुसरं येत नाही.

तक्त्यात रकाने आहेत: वय, वजन, पायाची लांबी,
शस्त्रक्रियेला झालेले महिने.
मी चार लिहिलं.
शेरा कोरा ठेवला.

संध्याकाळी बाहेर पडले. ऑक्टोबर, पाचलाच मिणमिणतं.
ट्राम सुटायच्या बेतात
आणि थांब्याकडे कुणीतरी पळत होतं,
पर्स छातीशी, टोपी हातात,
एका टाचेवर
काढायचा राहून गेलेला मणी
दिव्यांखाली लुकलुकत,
विझत,
लुकलुकत.

दार मिटता मिटता ती आत शिरली.

उद्या मणी मोजताना
एक कमी भरेल.