मागचा शॉक

यावलला चोपडा रस्त्यावर सलदार तडवीचं गॅरेज.
त्यानं गाडीखाली वाकून बोट फिरवलं
आणि ते काळं, ओलं बोट माझ्या नाकासमोर धरलं :
"तेल सोडलं भो यानं. कधीचंच."

मी आधी हॉर्न बदलला होता,
मग हेडलाइट, मग सीटला लाल कव्हर,
गेल्या पोळ्याला टाकीवर चमकी पट्टा.
मागचा शॉक कोण बघतं?
तो मागे असतो.

"वजन किती बसतं हिच्यावर?"
माझं शहात्तर, मी म्हणालो.
"आन् मागं?"
मागं.
मागं कोकिळा बसते. अकरा वर्षं झाली,
मोहराळ्याच्या अंगणवाडीपर्यंत रोज,
मांडीवर वह्यांची पिशवी, काखेत वजनकाटा.
मला तिचं वजन माहीत नव्हतं.

"त्रेपन्न किलो चारशे," ती बाकड्यावरून बोलली.
"पोरांना काट्यावर घ्यायच्या आधी मीच चढते.
कालच्याइतकी भरले, म्हणजे काटा बरोबर."

सलदार हसला नाही. किल्ली मागितली.
"जुना काढायच्या आधी एक चक्कर मारू.
मी चालवतो. तू बस मागं."

केळीच्या वखारीपर्यंत, आणि परत.
पहिल्या खड्ड्याला दात वाजले.
दुसऱ्याला कण्यात, खाली कुठंतरी, खुट्ट.
तिसरा येतोय हे मला कळलंच नाही.
पुढच्याला खड्डा दिसतो,
तो पायांवर जरा उचलला जातो, आपोआप.
मागच्याला पाठ दिसते.
सलदारच्या शर्टावर ग्रीसचा एक डाग होता,
सगळा रस्ता मी तोच बघत आलो.

ती "हळू" म्हणायची.
मला वाटायचं, वेगाला भिते.

नवी जोडी खोक्यातून निघाली,
गॅसची नळी, पिवळ्या स्प्रिंगा,
वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवलेली,
हळद लागलेल्या नवरानवरीसारखी.
सहा हजार दोनशे, फिटिंग धरून.
जुने बोल्ट निघेनात.
डिझेल पाजलं, पान्याला पाइप अडकवला,
सलदार त्यावर लोंबकळला,
वहिनी बसल्यात म्हणून शिवी गिळली,
मग न राहवून दिली. तेव्हा एक निघाला.

मग टेप.
चाकाच्या आसापासून सीटखालच्या खडूच्या रेघेपर्यंत.
कोणी नसताना. मग मी एकटा.
मग "बसा वहिनी," आणि कोकिळा बसली,
दोन्ही पाय एका अंगाला, पदर खोचून.
गाडी दोन बोटं खाली गेली.
त्यानं स्प्रिंगचं कडं एक खाच फिरवलं, अजून एक.
"तुला एकट्याला दुसरी पुरे. दोघांना चौथी."
आणि माझ्याकडे न बघता :
"चौथीवरच ठेवतो."

घरी निघालो तेव्हा दिवे लागले होते.
वखारीजवळचा पहिला खड्डा आला,
गाडी खाली बसली, सावकाश उठली,
म्हशीनं कूस बदलावी तशी.
मी "हळू"ची वाट बघितली.
दुसरा गेला, तिसरा गेला.
खांद्यावर नेहमी रुतलेली तिची बोटंही नव्हती.
छातीत धस्स झालं. ब्रेक दाबला, वळून पाहिलं.

ती होती. ओटीत भाजलेल्या शेंगा,
दोन्ही हातांनी सोलत होती,
टरफलं रस्त्यावर सोडत.

"काहून थांबले?"