झिजलेली बाजू

बाजाराच्या दिवशी मी सुरमा विकतो,
उरलेले सहा दिवस
सुरमा घालून कधीच्याच गेलेल्या बायकांच्या
सळया मोजतो.
हाडाच्या एकोणीस, तांब्याच्या सात,
हस्तिदंताची एकच, तीही टोक मोडलेली.
एका फणीवर हत्तीण आहे, अर्धी.
उरलेली अर्धी जालन्याच्या डॉक्टर झंवरांकडे.
ते देत नाहीत, मी देत नाही.
दिवाळीला, ईदेला आम्ही फोन करतो
आणि हत्तिणीचं नाव काढत नाही.

भोकरदनची पांढर सगळ्यांची.
कुणी भिंतीला माती नेतं, कुणी चुलीला.
मातीत जे निघतं ते माझ्या दुकानी येतं.
मी अत्तराची कुपी देतो, कधी रोख,
मग वहीत लांबी, रुंदी,
सोनाराच्या काट्यावरचं वजन,
आणि शेवटच्या रकान्यात:
स्थिती – झिजलेली.

परवा धुरपता आली, पदराच्या गाठीत वज्री.
भाजल्या मातीची, तळाला जाळीच्या रेघा,
पाठीवर पोपट, पोपटाला चोच नाही.
मी पट्टी काढली.
"थांबा खलीलभाई," ती म्हणाली,
"कड बघा, एकाच अंगाला गेलीय.
डावखुरी व्हती ही बाई.
आन् मधी ह्यो खळगा –
टाच भेगाळलेली असंल, माझ्यावानी.
रानी-बिनी काय नव्हं."

तीस वर्षं लिहितोय तो शब्द.
कुणी झिजवली,
हा रकानाच नाही माझ्या वहीत.

"किती देऊ?"
ती बोललीच नाही. पायरीवर बसली,
रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं
आणि टाच घासायला लागली.
उजव्या हातात वज्री बसेना.
डाव्यात घेतली, तर बोटं आपोआप
पोपटाच्या मानेभोवती गेली.

मी ओरडणार होतो.
सातवाहनांच्या काळची रेघ न् रेघ
माझ्या डोळ्यांदेखत पाण्याला लागली होती.
ओघळ पायरी उतरून गटारीकडे गेला, पांढुरका.
त्यात पांढर किती, धुरपताची टाच किती,
सोनाराच्या काट्यालाही कळलं नसतं.

पदरानं पुसून तिनं वज्री माझ्या हातात ठेवली.
"आता घ्या. पन्नास कमी द्या,
जराशी वापरली."

रात्री जालन्याला फोन लावला.
म्हटलं, डॉक्टर, हत्तीण राहू द्या तुमच्याकडंच.
फक्त फणी दिव्याखाली धरा
आणि सांगा,
कुठले दात जास्त झिजलेत?