मुडदुशीचे सांधे

पहिल्यांदा लक्षात आलं ते खिडकीपाशी.
निवतीच्या बंदराकडे तोंड केलेली आमची खिडकी,
तिच्या कठड्यावर मुडदुशी तेरा वर्षं
एका उडीत पोचत आलेली.
त्या दिवशी तिने खालून वर पाहिलं,
मागचे पाय गोळा केले,
पुन्हा पाहिलं,
आणि जायचंच नव्हतं अशा चेहऱ्याने
पंजा चाटत बसली.

मी बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले.
तूट लपवणारा चेहरा मला कळतो.

कुडाळपर्यंत ती टोपलीतून आली, एसटीभर ओरडत.
तळवणेकर डॉक्टरबाईंनी तिचं कोपर वाकवलं,
दाराची बिजागरी हलवून पाहावी तसं.
एक्स-रे उजेडाला धरला.
हाडांच्या टोकांवर खडबड,
ओहोटीला उघडं पडलेलं खडप जसं.
खडप मी म्हणतोय. त्या म्हणाल्या, संधिवात.

मग टेबलावर डबे आले.
एकात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन,
जे उच्चारताना माझीच जीभ अडखळली.
एकात माशाचं तेल.
एकात हिरव्या शिंपल्याचा अर्क, न्यूझीलंडहून.
मी चष्मा पुसला, परत वाचलं.
शिनाणे!
किल्ल्याखालच्या खडपावरून
मेतरांची सुलभा कोयतीने खरवडते, ते शिनाणे
इतका समुद्र ओलांडून, पुडीत बसून आलेले,
पुडीला अडतीस रुपये.

"मग इथलेच उकडून घातले तर?"
बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं.
"घाला एखादा हौस म्हणून, मिठाशिवाय.
पण त्यातून किती काय पोटात जातं, ते मोजलेलं नाही."
"आणि ह्यात?"
"ह्यात मोजलंय.
लागू पडतं का, ते मात्र मांजरांवर
फारसं कुणी नीट पाहिलेलं नाही.
दोन महिने देऊन बघा. एका वेळी एकच.
दुखणं वाढलं तर त्याचं औषध वेगळं, ते मी देईन."

एका वेळी एकच.
जमाखर्चाचं पहिलं कलम ते.
नाहीतर नफा कुठून आला, कुणाच्या नावावर मांडायचा?

घरी रोमाल्ड वाट बघत बसलेला, गुडघा चोळत.
"अर्धी गोळी दी तिका. माका तर लगेच उतार पडता."
मी बाईंचा कागद पुढे केला, तांबड्या शाईतली ओळ :
माणसाची गोळी देऊ नये. तुकडाही नाही. मांजर मरतं.
रोमाल्डने पट्टी खिशात सारली
आणि बराच वेळ मुडदुशीशी
कोंकणीत काहीतरी बोलत राहिला.

शेवटी निवड तिनेच केली.
तेलाच्या नमुन्याला तिने पाठ दाखवली,
दुसऱ्या डब्याची पूड वासावरच बाद.
शिंपल्याची तेवढी तारलीच्या पाण्यात कालवली
तर पाणी प्याली,
बशीच्या तळाला हिरवट कडं ठेवून.
तिसऱ्या दिवशी कडंही गेलं.

वहीत रकाने पाडले : तारीख, पुडी, उडी.
उडीखाली रोज एक आडवी रेघ.
दहाव्या दिवशी मला ते बघवेना.
आंब्याची रिकामी पेटी कठड्याखाली उपडी घातली,
वर गोणपाट, घसरू नये म्हणून.
खर्च काही नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.
तिने पेटीकडे ढुंकून पाहिलं नाही. आठवडाभर.

तेविसाव्या दिवशी मी बाजारातून आलो
तर बाई कठड्यावर.
शेपूट बाहेर सोडलेली, गोणपाटावर चार केस.

आता हे पुडीच्या खात्यात मांडू की पेटीच्या?
की नुसत्या उन्हाच्या,
तीन दिवस कोरडी हवा होती म्हणून?
एकतीस वर्षांत इतकी उघडी चूक मी केली नव्हती.
बाईंना फोन करून सांगितलं.
ह्या वेळी त्या हसल्या.
म्हणाल्या, पेटी काढू नका.

रकाना अजून मोकळाच आहे.
खाली कुणाची तरी होडी वाळूला लागतेय,
मुडदुशीचा एक कान तिकडे वळलाय,
आणि उतरताना ती आधी पेटीवर,
मग जमिनीवर येईल,
मी बघत नाही असं वाटलं की.