छपरावरची पैज

डेल्मर प्रुइट म्हणायचा, रंग एकच असावा,
वरून खालपर्यंत तोच.
मी म्हणायचो, खाली रंग, वर काच.
उन्हाने काचेशी भांडावं, रंगाला कशाला तोशीस?
मी दापोडीच्या वर्कशॉपात सहा वर्षं
एसटीला लाल देऊन आलेलो,
एकथरी रंगाचे सगळे लाड करून झालेले,
आणि हा टेनेसीचा गोरा म्हातारा
मलाच त्याची महती सांगणार!

मग यूमातल्या आमच्या शेडच्या छपरावर
दोन बॉनेटं नेऊन ठेवली.
एकाच भंगारातली, एकाच दिवशी घासलेली,
प्रायमरसुद्धा एकाच डब्यातला.
त्याच्यावर एनॅमलचे तीन हात,
माझ्यावर बेसचे दोन, क्लिअर कोटचे दोन.
दोन्ही लाल. तोंडं दक्षिणेला.
पैज वीस डॉलरची.
ज्याचा रंग टिकेल तो जिंकेल, एवढंच ठरलं.
टिकणं म्हणजे काय, ते ठरवायचं राहिलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचं बॉनेट पांढुरकं पडलं,
ओल्या हाताने पुसलेल्या पाटीसारखं.
मी शिडीवरूनच हात पुढे केला, काढ वीस.
तो दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आला,
पत्रा थंड असताना.
बोटभर पॉलिश घेऊन गोल गोल घासत बसला,
सूर्य कारखान्यामागून वर येईतो.
फडकं लाल झालं. बॉनेटही.
म्हणाला, वरचं मेलं होतं,
खाली अजून आहे.

माझं मात्र तसंच, नुकतं न्हाल्यासारखं.
चौथ्या साली, पाचव्या, सहाव्या.
कबुतरं घाण करायची, धुळीची वादळं यायची,
नळी मारली की पुन्हा आरसा.
त्यात बघून मी भांग पाडायचो,
मुद्दाम, त्याच्यासमोर.
तो दर जूनला एक फडकं लाल करायचा
आणि तारीख घालून खिळ्याला टांगायचा.
मी विचारायचो, टिकवतोयस की झिजवतोयस?
तो म्हणायचा, हो.

आठव्या वर्षी माझ्या काचेत एक ढग दिसला,
नखाएवढा.
मोतीबिंदू उतरायला लागतो तसा.
मी डेल्मरला सांगितलं नाही.
पुढच्या वर्षी ढगाला कड आली,
कडेखाली वारा शिरला, पापुद्रा सुटला,
आणि खालचा लाल, इतकी वर्षं झाकून ठेवलेला,
दोन महिन्यांत विटला.
पॉलिश लावून पाहिलं.
फडक्यावर रंग येईना,
नुसते बिनरंगी कपटे.
आता खरवडून पत्र्यापर्यंत जायचं
नाहीतर बघत बसायचं.

त्याच्याही बॉनेटच्या कडेला तोवर
करडा प्रायमर डोकावू लागलेला.
बाकीचा लाल त्या सात फडक्यांवर होता,
खिळ्याला.

हरलो म्हणायला गेलो
तोवर त्याला मुलगी ओरेगॉनला घेऊन गेलेली.
फोनवर म्हणाला, कुठली पैज?
मग बऱ्याच वेळाने, लाल होता का?
दोन्ही, म्हटलं.
मग ठीक, म्हणाला,
आणि तिकडे पाऊस लागून राहिलाय, गाडी आत घे.

परवा शेड विकली.
नवा मालक रिगोबेर्तो, पोरगेलासा,
म्हणाला, छपरावरचं भंगार तेवढं उतरवा.
चढलो. एकशे सोळा डिग्री.
हातमोजे घालून एकेक पत्रा उचलला.
खाली छप्पर हिरवं निघालं,
बॉनेटच्या आकाराचे दोन गर्द तुकडे,
कडा अगदी आखल्यासारख्या.
बाकी सगळं राखेच्या रंगाचं;
ते कधी हिरवं होतं हेच मी विसरलेलो.

आम्हीच दिला होता तो, पहिल्या वर्षी,
कुणाच्यातरी ट्रॅक्टरचा उरलेला डबा.
घाईत, रोलरने,
एकच हात.