दुसरी रेघ

बावीस वर्षं मी खिडकी क्रमांक पाचवर बसले.
काचेला अर्धगोल भोक, त्यातून यायचे
केसपेपर, सुटे पैसे, घामेजले हात.
गर्भपाताच्या फॉर्मवर सहीची जागा एकच असते,
बाईची. कायद्याला तेवढी पुरते.
दुसरी रेघ मी ओढायची,
पट्टी लावून, निळ्या पेनाने,
आणि खाली लिहायची: पती.
कोणी सांगितलं होतं, आठवत नाही.
माझ्याआधी मोकलबाई ओढायच्या,
निवृत्त होताना पट्टी माझ्या हातात देऊन गेल्या.
स्टीलची, सहा इंची.

आता पेन्शन लागलीय
आणि मी कोपरखैरण्यात जिने चढते.
छातीशी पॅड, पॅडवर आयुक्तांच्या नावे अर्ज:
दवाखान्यात फलक लावा, ठळक मराठीत,
सज्ञान बाईची स्वतःची सही पुरेशी आहे.
सोबत नफीसा दळवी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला.
तिचे गुडघे शाबूत, ती वरच्या मजल्यापासून सुरू करते.

दार साखळीइतकं उघडतं.
"यांना विचारून सांगते."
नवऱ्याची सही नको म्हणून सही मागायची,
तर त्या सहीलाही नवरा लागतो.
एकाने विचारलं, "मुली पाडायचं नवीन काढलंत का?"
नफीसाने समजावलं, तो कायदा वेगळा,
लिंग तपासणं गुन्हा आहे, गुन्हाच राहील.
त्याने दार लावलं, पण आपटलं नाही.
मी वहीत अर्धी सही धरली.

गोठिवलीत बारकूबाई माधवी ओट्यावर सुकट निवडत होत्या.
"माना सही येत नाय. अंगठा चालंल?"
लावला. मग शाईत बुडवून पुन्हा लावला, शेजारी.
"यो माझे भयनीचा. ती नाय ऱ्हायली."
नियमात बसत नाही.
मी खोडला नाही.

संध्याकाळी माथाडींच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर
शालन पिसाळ.
"तुम्ही खिडकी पाच," ती म्हणाली
आणि पाणी आणायला आत गेली.
मुलगी जमिनीवर पालथी पडून
भिंगातून जाणारे किरण काढत होती, अकरावीची असावी.
हिशेब करू नये, तरी मी केला:
सोळा वर्षं आणि वर काही महिने.
शालनने अर्ज वाचला, ओळीखाली बोट धरून, शेवटपर्यंत.
"नको," म्हणाली.
मी पाणी संपवलं.

खाली डासांच्या औषधाची गाडी फिरून गेली होती,
सगळा सेक्टर पांढरा.
त्यातून आधी चपला ऐकू आल्या, मग ती.
"पोर होती समोर.
जीव आहे माझा तिच्यावर, भलतं समजू नका.
त्या दिवशी हे मार्केटात, कांद्याच्या गाड्या लागलेल्या.
सही आणते म्हणून गेले
आणि परत यायचं धाडसच झालं नाही."
खोकली. पदर नाकाला लावला.
"ती आली ते बरंच झालं.
पण मला कोणी विचारलं नव्हतं.
हेपण खरंच ना?"
मी माफ कर म्हणायला तोंड उघडलं
तर धूर आत गेला.
दोघी खोकत राहिलो, मीटरच्या खोलीपाशी, बराच वेळ.

मग तिने पॅड भिंतीला टेकवलं.
"मधलं नाव घालायचं का?"
तुमची मर्जी, मी म्हणाले.
पेन थांबलं.
नफीसा वरून उतरत होती, एकेक पायरी मोजत.
शालनने आपलं नाव लिहिलं,
मग आडनाव,
आणि दोन्हींच्या मध्ये
एक शब्द मावेल इतकी जागा
तशीच ठेवून पेन मला परत दिलं.