नऊ फूट

ऑगस्टात पाऊस ओढ देतो तेव्हा
वेव्हर्ली पार्कच्या गवतात एक चौकोन उमटतो.
पिवळा, लांबट, एका कोपऱ्यात जरा तुटका.
गावात नव्याने आलेल्यांना वाटतं, फवारा बिघडला.
खाली काँक्रीटची कड आहे,
कधीकाळी निळा रंग दिलेली,
आणि कडेच्या आत लाल माती, नऊ फूट.

मी ओडेसा टार्व्हर. एकतीस वर्षं टपाल वाटलं इथे.
कुत्र्यांची नावं अजून पाठ आहेत, माणसांची गळाली.
आता मंगळवारी आणि शुक्रवारी
पालिकेचा परवाना खिशात, हेडफोन कानांवर,
केर काढावा तशी यंत्राची थाळी
जमिनीलगत फिरवत असते.

यंत्र खोटं बोलत नाही, पण गोंधळतं.
सोड्याच्या डब्याची कडी आणि पाच सेंटचं नाणं
एकाच सुरात बोलतात.
खिळा कुरकुरतो.
बाटलीचं झाकण आधी गोड, मग फाटकं.
चांदीचं मात्र
तळहाताला आधी कळतं, कानाला मागून.

गुडघ्यांखाली टपालाची जुनी पिशवी घडी करून घेते.
सुरीने तीन बाजूंनी गवत कापायचं,
चौथी बाजू राखायची, बिजागरीसारखी.
माती टॉवेलवर काढायची, चिमटीने चुरायची.
तांबं येतं हिरवं होऊन, ओळख देत नाही.
चांदी जशी पडली तशीच येते,
मधली वर्षं जणू तिच्या गावीही नव्हती.

सगळ्यात जास्त सापडतात तिकीटखिडकी होती तिथे.
आत जायला दहा सेंट लागत.
ओली बोटं, घाई, सांडलेली नाणी.

सत्तावन्नचा जून. लूशियस अकराचा, मी सात वर्षांची.
खिडकीतल्या बाईने आमचं नाणं परत सरकवलं.
बोलायला वाईट नव्हती.
म्हणाली, "इथे तुमचं नाही चालत, बाळांनो,"
आणि मागच्या मुलाचं तिकीट फाडलं.
लूशियसने पायरीच्या दगडावर नाणं वाजवून पाहिलं.
त्याला वाटलं असावं, खोटं आहे.
खणखणीत होतं.
मग त्याने ते जाळीवरून आत भिरकावलं.
घरी सांगितलं, हरवलं.
आईने त्या दहा सेंटांसाठी त्याला
रात्री न जेवता झोपवलं, आणि मी गप्प राहिले.

चार वर्षांनी कोर्टाने सांगितलं, सगळ्यांना आत घ्या.
त्याच आठवड्यात ट्रक आले.
पाणी सोडायलाही थांबले नाहीत,
तीन दिवस चिखल बुडबुडत होता.
लूशियस कुंपणाशी उभा राहून ट्रक मोजायचा.
एकशे बारा. त्यानंतर मोजणं सोडलं त्याने.

माझ्याकडे जॅमच्या बरणीत सदतीस आहेत,
दहा सेंटची, सगळी चांदीची, चौसष्टपर्यंतची.
त्यातलं एखादं त्याचं असेल.
बहुतेक नसेलच.
दवाखान्यात त्याला विचारलं होतं, साल कुठलं होतं रे त्यावर?
नळीतून श्वास घेत हसला.
"साल कोण बघतं, ओडी? पोहायचं होतं."

आणि यंत्राची नजर दहा इंच.
नाणं जाळीपलीकडे फरशीवर पडलं की पाण्यात,
हे मी इतक्या वेळा आठवलंय
की आता दोन्ही आवाज येतात.

आज पिवळ्या रेघेवरच सूर लागला.
तळहाताला काही कळलं नाही, तरी वाकले.
खणलं. डब्याची कडी.
ती कचऱ्याच्या खिशात टाकली, माती परत लोटली,
गवताचं झाकण लावलं, बुटाने दाबलं.
बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं
ते तिथे ओतलं, मुळं धरावीत म्हणून.
लगेच शोषलं गेलं.
हेडफोन पुन्हा चढवले.