जिभा

तेव्हा डबा उघडायचा म्हणजे
त्याची जीभच उपटायची.
कडी बोटात, मग वाळूत,
बियर पोटात. बाणावलीला गोरे
दिवसभर हेच करत बसलेले.

पिदाद मावशी उन्हं कलली की वेचायची,
सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वर
नायलॉनच्या दोरीत ओवून टांगायची.
वारा आला की किणकिण,
कावळे माडावरच.

मग कधीतरी डबे बदलले.
टक्! जीभ आत दुमडते,
कडी डब्यालाच धरून राहते.
बरं झालं, सगळे म्हणाले, पाय तरी वाचले.
मावशी तेवढी चिडली:
‘आता कावळ्यांना काय दाखवू, माझे दात?’

आता डबा अख्खा पडतो,
अख्खाच गोणीत जातो, रझाकच्या भंगारात,
किलोच्या भावात.
शॅक बंद केल्यावर मीच पोचवतो.

पण ऑगस्टात समुद्र किनारा खरवडतो
तेव्हा खालचा थर वर येतो.
परवा लेकीच्या टाचेत रुतली एक,
काळपट, वाकडी,
धार मात्र तशीच.
रक्त थांबेस्तोवर ती विचारत राहिली,
हे कशाचं आहे.

मी डबा आणून दाखवला.
तिनं लावून पाहिली, फिरवून पाहिली.
म्हणाली, ह्याची नाही ही.